चादरीवरचा मामा

“बाय घरात असते का नसते, कायच कळत नाय गो ताय.”

मी जिन्याच्या वळणावर थांबले. हातात रिकामा मग होता आणि तो खाली नेऊन ठेवायचा, एवढंच माझं काम होतं. स्वयंपाकघरात मामा आईशी बोलत होता, आणि ‘बाय’ म्हणजे मी.

“तिचं काम असतं रे कॉम्प्युटरवर,” आई म्हणाली. “दिवसभर मीटिंगा असतात.”

“मीटिंगमधी तरी मानसं बोलतात ना? वरून आवाजच येत नाय. परवा मी सोफ्यावर बसलेलो. वाटलं घरात कोन नाय, म्हनून भजन म्हनाया लागलो. एक झालं, दुसरं झालं, आवाज पन चांगला लागलेला. आन बाजूला कोनीतरी शिंकलं! बाय तिथंच बसलेली, पयल्यापासून.”

आई हसली. मलाही हसू आलं, पण मी ते जिन्यातच ठेवलं. शिंक माझी होती हे खरं. मामाचं भजन मध्येच तुटू नये म्हणून मी गप्प बसले होते, आणि उठून गेले असते तर त्याला चाहूल लागली असती म्हणून बसूनच राहिले होते. माझ्या गप्प बसण्याला नेहमी असं एखादं चांगलं कारण असतं. ते फक्त मला माहीत असतं.

“तर मी काय म्हनतो,” मामा म्हणाला, “आज संध्याकाळच्या मुरबाड गाडीनं जातो मी.”

“आणि डोळा?”

“डोळा पन नेतो संगं.”

“चेष्टा नको. साखर खाली आल्याशिवाय डॉक्टर ऑपरेशन करणार नाहीत. पथ्याचं खायला हवं, गोळ्या वेळच्या वेळी घ्यायला हव्यात. आणि घरी गेलास की तू परत यायचा नाहीस. मागच्या उन्हाळ्यात असाच ‘येतो येतो’ म्हणून गेलास तो दिवाळीला उगवलास.”

“घरी अंधारात पन मला विहीर कुठं, गोठा कुठं, ठाऊक हाय. इथं भर उजेडात मी पाहुना. तूच सांग, तू शाळेत, दाजी कामावर. दिवसभर मी बोलू कोनाशी? फ्रीजशी?”

हे अगदीच चूक नव्हतं. आमच्या फ्रीजचं दार उघडं राहिलं तर तो ओरडतो. मामा आल्यापासून आमच्या घरात मामाला सगळ्यात जास्त हाका त्यानेच मारल्या असतील.

मामा हा आईचा धाकटा भाऊ. मुरबाडकडे डोंगराच्या पायथ्याला त्याचं गाव, भाताची खाचरं, डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत थोडी नाचणी. त्याला एकच डोळा आहे. दुसरा मी शाळेत असताना गेला. झोडणीच्या वेळी भाताची काडी लागली, त्याने डोळ्यावर पाणी मारलं आणि झोडणी चालू ठेवली. आता उरलेल्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला आहे. त्याला म्हणे माणसं धुक्यातल्या झाडांसारखी दिसतात. हलली किंवा बोलली, तरच ती माणसं. मी दोन्ही कमी करते.

आणि आमचं घर धुक्यातल्या माणसासाठी बांधलेलंच नाही. आसनगाव स्टेशनापासून रिक्षाने जरा आत, एका कमानीखाली आमची बंगल्यांची सोसायटी आहे. सगळे बंगले पांढरे, सगळ्यांना सारखीच खिडकी. पप्पांनी गेल्या वर्षी आमचा बंगला नव्याने सजवला. दिवाणखाना आणि अंगण यांच्यात भिंतभर काच आली. मामा पहिल्याच दिवशी तिच्यावर आपटला, तेव्हा आईने काचेवर मोठ्या लाल टिकल्या चिकटवल्या. मामा आता तिला ‘सवाष्ण’ म्हणतो. जाताना हाताने चाचपून “सवाष्ण बंद हाय का उघडी?” असं विचारतो. बाथरूमचा दिवा माणूस हलला की लागतो आणि हलेनासा झाला की विझतो. मामा आत शांत बसला की दिवा समजतो, गेला. मग आतून आवाज येतो, “रामराम! रामराम!” म्हणजे मामा हात वर करून दिव्याला सांगत असतो, की मी अजून हाय.

अंगणात आता प्लॅस्टिकची हिरवळ आहे. मामा तिच्यावर अनवाणी उभा राहिला, थोडा वेळ अंगठ्याने उकरत राहिला आणि म्हणाला, “याला वास कसा नाय?”

वास होता. त्याच जागेला फार पूर्वी वास होता. रिकामा मग हातात घेऊन मी जिन्यातच बसले आणि तो वास कुठून सुरू झाला ते आठवत राहिले.

मी चौथीत असेन. बंगला कोरा होता. भिंतींना रंगाचा वास, कपाटांना सनमायकाच्या गोंदाचा वास, आणि जेवणाच्या टेबलावर अजून काढायचं नाही असं प्लॅस्टिक, ज्याला कोपर चिकटायचं. कंपाउंडच्या पलीकडे लगेच भाताची शेतं होती. रात्री अलीकडे एसीची घरघर आणि पलीकडे बेडकांची, दोघांचं भांडण चालायचं आणि लोडशेडिंग झालं की बेडूक जिंकायचे. आमची डोअरबेल पक्ष्यांचा आवाज काढायची. खऱ्या बुलबुलाला तो एवढा आवडला की तो ग्रिलवर बसून तिला उत्तर द्यायचा, आणि आई दर वेळी दार उघडून बघायची, कोण आलं.

आमचं फाटक विजेवर चालायचं. सोसायटीत पहिलं. पप्पा लांबूनच रिमोट दाबायचे, दिवा फिरायचा, ‘टुंग’ असा आवाज व्हायचा आणि फाटक एखाद्या मोठ्या माणसासारखं सावकाश बाजूला व्हायचं. फक्त रोज संध्याकाळी पप्पा घरी पोचायच्या वेळेलाच वीज जायची. पप्पा थोडा वेळ रिमोट हवेत धरून उभे राहायचे, इकडेतिकडे बघायचे, बॅग आधी आत टाकायचे आणि मग ऑफिसच्या बुटांसकट फाटकावर चढायचे. शेजारचा कुत्रा हे बघायला वेळेवर येऊन बसायचा.

आणि पप्पांची हिरवळ. ती गालिच्यासारखी गुंडाळ्या करून ट्रकमधून आली होती. तिच्यावर चालायचं नव्हतं, खेळायचं नव्हतं, पाहुणे आले की काचेतून दाखवायची होती. मामा पहिल्यांदा आला तेव्हा तिच्या कडेला उकिडवा बसला.

“दाजी, ह्ये गवत कोनाला?”

“कोणाला म्हणजे?”

“खायाला.”

“कोणालाच नाही. हे बघायला आहे.”

मामाने पुन्हा नीट बघितलं, काही राहिलं तर नाही ना म्हणून. मग चहा पिऊन गेला.

त्या उन्हाळ्यात हिरवळ वाळली. आमच्या तालुक्यात धरणं आहेत आणि उन्हाळ्यात टँकरही आहेत. टँकरचं पाणी आधी माणसांना, मग गाडी धुवायला, उरलं तर गवताला. चैत्र संपेपर्यंत पप्पांच्या गालिच्याचं पायपुसणं झालं. पप्पा रोज सकाळी ब्रश तोंडात धरून त्याच्याकडे बघत उभे राहायचे. त्यांची ती अवस्था मामाने एकदा बघितली.

पुढच्या आठवड्यात तो पहाटेच्या गाडीने आला. पप्पा ऑफिसात, आई शाळेत पेपर तपासायला, घरात सुट्टीतली मी. मामाबरोबर दोन पोती वाळलेलं शेण होतं, पालापाचोळ्याचे भारे होते. त्याने गवतावर आधी शेण पसरलं, मग फांद्यांची तोडलेली बारीक काटकं, मग पाला, आणि त्यावर चाळल्यासारखी बारीक माती, हाताने, रांगोळी घालावी तशी. आमच्याकडे भाताचं रोप टाकायच्या आधी जमीन अशीच भाजून घेतात. त्याला राब म्हणतात. तण जळतं, जमीन गरम होते, रोप जोरात येतं. मुरबाडकडे फाल्गुनापासून सगळ्या डोंगरांतून हा धूर निघतो. पण सोसायटीत तो आजवर निघाला नव्हता.

“बाय, काडेपेटी दे गो,” मामा म्हणाला.

मी काडेपेटी दिली. हे लॉन आहे, असं मला सांगता आलं असतं. पण त्याने इतकी सुंदर माती पसरली होती की मध्ये बोलावंसं वाटेना.

मामाने वाऱ्याच्या उलट्या बाजूने पेटवलं, म्हणजे सावकाश भाजतं. धूर जाड, गोड, शेणाचा आणि सागाच्या पानांचा. तो सोसायटीच्या सगळ्या सारख्या खिडक्यांत सारखाच शिरला. बायका गच्चीवरचे कपडे काढायला धावल्या. संध्याकाळी पप्पा आले तेव्हा योगायोगाने वीज होती. फाटक सावकाश बाजूला झालं, आणि आत गालिच्याच्या मापाचा एक काळाकुट्ट चौकोन, कडेने अजून धुमसत. त्याच्या बाजूला मामा, तोंडभर हसू.

“बघा दाजी आता. मिरगात कसं वर येतं ते.”

“अरे, पण हे लॉन होतं!”

“लॉन असंल नायतर काय असंल. खाली जमीनच हाय ना?”

पप्पांनी बॅग खाली ठेवली. पप्पाही मुरबाडकडचेच, लहानपणी त्यांनी डोक्यावरून पाल्याचे भारे वाहिलेत. मला आठवतं, ते रागाने काहीतरी बोलायला गेले आणि मध्येच त्यांनी दीर्घ श्वास घेतला. तो धूर त्यांनी आत घेतला आणि जरा वेळ बाहेर सोडलाच नाही. मग मात्र ते आठवडाभर मामाशी बोलले नाहीत.

मामाने जाता जाता त्या चौकोनात मूठ मूठ भात फेकलं होतं. हे त्याने कोणाला सांगितलं नाही. आषाढात आमच्या अंगणात असा हिरवा रंग उगवला, तसा मी नंतर कुठेच पाहिला नाही. पोपटी, ओला, एकसारखा, वाऱ्याने त्याच्या अंगावर काटा यायचा. सोसायटीचे सेक्रेटरी निवृत्त होऊन मुंबईहून इथे राहायला आलेले. ते छत्री घेऊन खास बघायला आले.

“वा! कोणती व्हरायटी?”

पप्पांनी एकदा त्या रोपाकडे बघितलं. ते ओळखणार नाहीत असं होणंच शक्य नव्हतं.

“इम्पोर्टेड आहे,” ते म्हणाले.

लावणीच्या दिवसांत एका सकाळी आम्ही उठलो तर अंगणात नुसता चिखल, आणि त्यात दोन बेडूक. मामाने उजाडायच्या आत येऊन सगळं रोप उपटलं होतं, मुठी बांधल्या होत्या आणि टेम्पोत घालून आपल्या शेतात लावायला नेलं होतं. सेक्रेटरी पुन्हा छत्री घेऊन आले.

“लॉन कुठे गेलं हो?”

“सर्व्हिसिंगला दिलंय,” पप्पा म्हणाले.

त्याच वर्षीची कोजागिरी. सेक्रेटरींनी ठरवलं की नुसतं दूध पिऊन गप्पा मारण्यापेक्षा काहीतरी दर्जेदार व्हावं. त्यांच्याकडे एक जुना फ्रेंच विनोदी सिनेमा होता. गावाबाहेरच्या नव्या वस्तीतलं एक नवं कोरं घर, त्यातली यंत्रं आणि ती यंत्रं सांभाळता सांभाळता दमलेली माणसं. “युरोपातला आहे,” ते माईकवर म्हणाले, “पण वाटेल आपल्याच सोसायटीवर काढलाय. जगभर गाजलेली कलाकृती आहे. सहकुटुंब बघा.”

दोन डबलबेडच्या चादरी जोडून पडदा केला होता. शिवण बरोबर मधोमध आली होती. पुढे खुर्च्यांवर आम्ही, मागे सतरंज्यांवर वॉचमन, माळी आणि सोसायटीत कामाला येणाऱ्या शेजारच्या पाड्यातल्या बायका. मोठ्या पातेल्यात दूध आटत होतं. केशराचा वास, मच्छर अगरबत्तीचा वास, आणि कंपाउंडवरून येणारा पिकत्या भाताचा तो किंचित गोड, किंचित उबट वास, जो आता यायचा थांबला आहे, कारण तिथे दुसरी सोसायटी झाली.

सिनेमाची भाषा फ्रेंच, खाली अक्षरं इंग्रजी. मागच्या लोकांना कळायचं कसं?

“तुमची मुलगी इंग्लिश मीडियमला आहे ना?” सेक्रेटरींनी पप्पांना विचारलं. “ती वाचून मराठीत सांगेल. ये बाळ.”

पप्पांचा चेहरा असा उजळला की मला नाही म्हणता आलं नाही. तसंही मला नाही म्हणता यायचं नाही. शाळेत ‘नो’ म्हणायचं, घरी ‘नाही’ म्हणायचं, आणि मामाकडे सगळे ‘नाय’ म्हणायचे. तिथून आल्यावर माझ्या तोंडून ‘नाय’ गेलं की आई हळूच दुरुस्त करायची. कुठे कोणतं म्हणायचं हे ठरवेपर्यंत लोक पुढच्या विषयावर गेलेले असत. म्हणून मी गप्प राहायला शिकले. गप्प राहणं सगळीकडे चालतं.

मी माईक धरून पडद्याच्या बाजूला उभी राहिले. सिनेमा सुरू झाला. आणि त्याच वेळी समोरच्या डोंगरामागून कोजागिरीचा चंद्र वर आला.

वर्षातल्या सगळ्यात लख्ख चांदण्याच्या रात्री उघड्यावर सिनेमा लावू नये, हे एवढ्या शिकलेल्या सोसायटीत कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. चंद्र जसजसा वर चढला तसतसा सिनेमा चादरीतून उतरत गेला. घर राहिलं, माणसांच्या काळ्या आकृत्या राहिल्या, आणि खालची पांढरी अक्षरं ताकात पडलेल्या भाताच्या शितांसारखी झाली. मला एक शब्द दिसेना. दिसत नाही असं सांगायला हवं होतं, पण ते माईकमध्ये सांगावं लागलं असतं. माईक मात्र चालू होता. सगळ्या सोसायटीने माझा श्वास ऐकला.

मागे कुजबूज सुरू झाली.

“काय म्हनतात गो ती?”

“कायच नाय म्हनत. नुसता वारा येतोय.”

“मंग ती बाई हसती कशाला?”

चादरीवर एक माणूस त्या नव्या घराच्या फाटकाशी येऊन उभा राहिला होता. साधा कोट, हातात फुगलेली पिशवी, बावरलेला. घरातली बाई धावत आली, त्याला बघून हसली आणि त्याला हाताला धरून आत नेऊ लागली.

“अरं, बाईचा भाऊस आलाय!” अगदी मागून आवाज आला. “भावाला बघून हसनार नाय तर काय रडनार? दिवाळी तोंडावर आली ना!”

मामा होता. तो तेव्हाच येऊन पोचला होता, आणि त्याच्याही हातात फुगलेली पिशवी होती. पिशवीत पोहे होते. आमच्या अंगणातल्या रोपाचं हळवं, लवकर पिकणारं भात नुकतंच कापून झालं होतं, त्याचे नवे पोहे. ‘तुमच्या लॉनचे पोहे’ असं तो नंतर कित्येक वर्षं पप्पांना म्हणायचा.

सगळे मागे वळून हसले. मी चालत मागे गेले आणि माईक मामाच्या हातात दिला. एक अक्षर न बोलता. त्याने माईक उलटसुलट करून बघितला आणि मक्याच्या कणसासारखा तोंडाजवळ धरला.

पुढचा सिनेमा मामाने सांगितला.

“बघा, बसाया खुर्ची दिली. खुर्ची हाय का डालगं? घसरला बिचारा… आता कॉफीचं मशीन. भावाला दाखवती, आमच्याकडं मशीन हाय. दाखव बाय, दाखव. पन पानी इचार आधी… उडालं! सगळं भिताडावर! मी म्हनलं ना, पानी इचार…”

तो माणूस सारखा घराच्या मागच्या बाजूला जायला बघायचा आणि घरातले त्याला ओढून पुढे आणायचे, बाग दाखवायला, दिवे दाखवायला.

“त्याला मागं कशाला जायचंय?” सतरंजीवरून कोणीतरी विचारलं.

“लांबून आलाय. घाईची लागली असंल. कोन इचारतं का? नुसते दिवे दाखवतात.”

एक म्हातारी हसून हसून आडवी झाली. मग चादरीवर संध्याकाळ झाली. नवरा कामावरून आला, फाटकापाशी बटण दाबत उभा राहिला आणि फाटक उघडेना.

“गेली!” मामा ओरडला. “लाइट गेली! आता दाजी वरून उडी मारनार बघा. आधी बॅग टाकनार…”

आणि चादरीवरच्या नवऱ्याने खरंच आधी बॅग आत टाकली.

सगळी सोसायटी हसत सुटली. सगळे पप्पांकडे बघत होते. पप्पा दुधाचा पेला घेऊन ताठ उभे होते; त्यांचे ओठ आधी घट्ट मिटले, मग थरथरले, आणि मग पप्पा असे हसले की केशरी दूध नाकातून आलं. त्यांना मी तसं हसताना आधी पाहिलं नव्हतं. सेक्रेटरी चष्मा पुसत म्हणत राहिले, “मूळ चित्रपटात हे नाही हो, मूळ चित्रपटात हे नाही.” पण तेही हसत होते.

शेवटी तो माणूस पिशवी घेऊन निघाला. लांब सरळ रस्ता, दोन्ही बाजूला सारखी घरं. बाई फाटकाशी उभी.

“बहीन म्हनती रहा,” मामाचा आवाज आता खाली आला होता. “पन हा नाय राहत.”

“का रं?”

मामाने माईक दुसऱ्या हातात घेतला. “घरात वस्तूच बोलतात सगळ्या. मानसं नाय बोलत. कसा राहील?”

मग कोणीतरी दूध वाटायला लागलं. वर चंद्र, खाली मोकळी पांढरी चादर, मधोमध शिवण. लॉनचे पोहे सगळ्यांना पुरले.

जिन्यात बसून मला हे सगळं आठवलं आणि शेवटच्या वाक्यापाशी मी अडकले. तेव्हा ते त्याने चादरीवरच्या माणसाबद्दल म्हटलं होतं. आज तेच तो खाली आईला सांगत होता, स्वतःबद्दल, फ्रीजचं नाव घेऊन.

मी खोलीत जाऊन फोनवर शोधलं. सिनेमाचं नाव मला कधीच माहीत नव्हतं. फ्रेंच, जुना, विनोदी, नवं घर, पिशवीवाला माणूस, असे शब्द टाकत गेले, आणि जरा वेळाने तो समोर आला. तेच फाटक, तोच बावरलेला चेहरा. एवढा लहान, एवढा स्वच्छ, की ओळख पटायला वेळ लागला. मी त्याला फक्त चांदण्यात बघितलं होतं.

दुपारी जेवणं झाल्यावर मी खाली आले. मामाची पिशवी भरून दाराशी ठेवलेली होती. आई रुसून भांडी जोरात लावत होती. पप्पा रविवारची डुलकी घेत खुर्चीत. मामा सोफ्याच्या टोकाला, अंगात बाहेरचा शर्ट, गाडीला अजून वेळ होता तरी पायांत चपला. मी काही न बोलता टीव्हीवर सिनेमा लावला आणि सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला बसले.

अकॉर्डियनचं संगीत सुरू झालं. मामाची मान हलली.

“ह्ये कुठंतरी ऐकलंय,” तो म्हणाला.

मी पडद्याकडे बघत होते. आता चंद्र नव्हता. प्रत्येक अक्षर लख्ख दिसत होतं. माणूस पिशवी घेऊन फाटकाशी आला. बाई धावत आली, हसली. आणि खाली अक्षरं उमटली: बॉयलर दुरुस्त करायला आलेले तुम्हीच ना?

तो मेकॅनिक होता. पिशवीत पाने आणि पक्कड. सारखा घरामागे जायला बघत होता, कारण बॉयलर मागे होता. घरातल्यांना नवं घर दाखवायची इतकी हौस, की त्याला कामाला कोणी हातच लावू देत नव्हतं, आणि तो इतका भिडस्त, की सांगत नव्हता. भाऊ नाही, दिवाळी नाही, माहेर नाही. सगळी कोजागिरी आम्ही एका बॉयलरवाल्याला मामा समजून हसलो होतो.

मला मोठ्याने हसू येणार होतं. मी मामाकडे वळले. त्याचा चेहरा टीव्हीच्या दिशेने होता, पण थोडा चुकलेला, टीव्ही आणि खिडकी यांच्या मधे कुठेतरी. कपाळाला आठ्या घालून तो उजेडाची हालचाल पकडायचा प्रयत्न करत होता.

“फाटकाशी कोनतरी आलंय ना?” तो म्हणाला. “कोन हाय? ताय?”

आई आतच होती. पप्पा घोरत होते. फ्रीजही शांत होता.

मामाने थोडी वाट बघितली. मग त्याने हात वर केला आणि माझ्या बाजूच्या हवेत सावकाश हलवला, बाथरूममधल्या दिव्यासाठी हलवतो तसा.

“रामराम,” तो म्हणाला. “बाय, हाईस का गो?”

पडद्यावर खालची अक्षरं बदलली. ती मला स्पष्ट दिसत होती. मी ती वाचली नाहीत.

“हाय मी, मामा,” मी म्हणाले. माझा आवाज मलाच मोठा वाटला. आतली भांडी थांबली. “बाईचा भाऊस आलाय. तिनं हाताला धरून आत घेतलाय त्याला. पिशवी त्यानं खाली ठेवली. आज जात नाय तो.”